पुढची ठमी

गुरुवारी सकाळी ठमीची उडी चुकली.

देव्हाऱ्याशेजारच्या लाकडी पेटीवर ती गेली तेरा वर्षं रोज उडी मारून बसत होती. त्या दिवशी पुढचे पाय काठावर टेकले, मागचे मात्र वर आलेच नाहीत. क्षणभर तशीच लोंबकळली आणि धप्पकन फरशीवर आली. पडल्यावर मांजर जसं काही झालंच नाही असं दाखवतं, तशी ती अंग चाटायला लागली. पण वैजयंतीबाईंच्या हातातली पळी थांबली. ठमी उठली तेव्हा तिचे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकले होते. एखाद्या म्हातारीनं सपाता घासत चालावं तशी ती चालत होती.

"कृष्णा, हे काय रे?" त्या पुटपुटल्या, आणि पूजेत बोलू नये म्हणून लगेच जीभ चावली.

भाद्रपदापासून त्यांचा नेम सुरू होता. सून, शाल्मली, हिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तिसऱ्यांदा बातमी कळली तेव्हा वैजयंतीबाईंनी देवासमोर पदर पसरला. मूल सुखरूप हातात येईपर्यंत रोज बाळकृष्णाला पंचामृताचा अभिषेक, पोथीचा एक अध्याय आणि मग तीर्थ, असा नेम घेतला. त्यासाठी प्रदर्शनातून नवा रांगता बाळकृष्ण आणला. पितळेचा, चांगला वजनदार. पायाची बोटंसुद्धा अशी नाजूक कोरलेली की बघत राहावं. त्याच्याच जोडीची पितळी वाटीही आणली. अध्याय संपेपर्यंत बाळकृष्ण त्या वाटीत, पंचामृतात बसून असायचा. "लहान मूल आहे, डुंबू दे जरा," असं त्या म्हणायच्या.

मग तीर्थ. आधी शाल्मलीच्या तळहातावर पळीभर, मग स्वतःला. शाल्मलीच्या हातावर तीर्थ पडलं की वैजयंतीबाई डोळे मिटून हात जोडायच्या. सुनेच्या पोटातल्या जिवासाठी जे मागायचं ते त्यांना डोळे मिटल्याशिवाय मागता येत नसे. वाटीत उरलेले चार थेंब ठमीचे. पितळेची वाटी जिभेनं खरवडल्याचा तो आवाज आला की आजची पूजा पुरी झाली.

त्या गुरुवारी वाटीही ठमीनं खाली बसूनच चाटली.

*

"पाणी फार पिते का हो?" डॉ. नदाफ यांनी ठमीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली.

"बादलीत तोंड घालते," शाल्मली म्हणाली. सातवा महिना होता. ती खुर्चीच्या काठावर, पाठ ताठ ठेवून बसली होती. "दिवाळीत पट्टा बांधलाय तिला. सगळी माहिती असेल त्यात."

हल्ली मिरजेतल्या बहुतेक घरांत मांजराकुत्र्यांच्या गळ्यात तसा पट्टा असायचाच. तो पावलं मोजायचा, नाडी मोजायचा, चाल तोलायचा. मांजराच्या वाळूखाली एक पातळ थाळी असे. लघवी किती झाली, दाट की पाण्यासारखी, हे ती टिपून ठेवी. इतकी वर्षं ही माहिती नुसती साचत होती. तीनच वर्षांपूर्वी तिचा खरा उपयोग कुणाच्या तरी ध्यानात आला होता.

"काकू, मूत्रपिंड म्हणजे लाखो बारीक गाळण्या," डॉक्टर सांगू लागल्या. बाई शांत होत्या, आवाजात घाई नव्हती. "एक गाळणी मेली की ती परत येत नाही. बाकीच्या तिचं काम वाटून घेतात. म्हणून मांजर बरेच दिवस काही दाखवतच नाही. ते दाखवतं तेव्हा दोन तृतीयांश संपलेल्या असतात."

"आणि पाय?"

"मूत्रपिंड गळायला लागलं की पोटॅशियम वाहून जातं. स्नायूंना ते लागतं. मागचे पाय आधी जातात." त्यांनी टेबलावरची काच उजळवली. "लाखो मांजरांची आयुष्यं या यंत्राला पाठ आहेत. पट्ट्यातल्या आकड्यांवरून ते तुमच्या मांजराचं एक शरीर आत तयार करतं. आकड्यांचंच, पण हुबेहूब. मग त्या शरीराला पुढे चालवायचं. हवामानखातं परवाचा पाऊस सांगतं ना, तसंच."

काचेत ठमी होती. तीच पांढरी छाती, कानाजवळ तोच काळा ठिपका. डॉक्टरांनी बोट सरकवलं. दहावा दिवस: ठमी पेटीखाली उभी राहून नुसतीच वर बघत होती. पंचविसावा: ती पुढच्या पायांनी स्वतःला ओढत होती. एकेचाळिसावा दिवस आला आणि ती कुशीवर पडली. मान उचलली नाही. मग काच राखाडी झाली.

वैजयंतीबाईंनी पदर तोंडाशी नेला. मांडीवर खरी ठमी घुरघुरत होती.

"बहुतेक लोक आता तारीख घेतात," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "शेवटचे आठ दिवस फार हालाचे असतात. ते येऊच द्यायचे नाहीत. तेहेतिसावा दिवस धरू. घाई नाही, पण पुढच्या गुरुवारपर्यंत सांगा."

*

तारीख घेणं आता गावात रुळलं होतं. जिन्यात शेजारच्या काळेवहिनी भेटल्या, त्यांनी तर धीरच दिला.

"काही घाबरू नका. आमच्या ब्रुनोची घेतली तेव्हा आम्ही आदल्या दिवशी केक कापला. फोटो काढले. सगळं कसं नीट पार पडलं."

"आणि ब्रुनो?"

"तो केक खात होता हो. दोन तुकडे खाल्लेन्."

वैजयंतीबाई घरात आल्या आणि दार लावून दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. पोटात गोळा आला होता. तसा तो हल्ली वरचेवर येई. बोटांनाही मुंग्या येत. उपासानं होतं, असं त्या म्हणत आणि आल्याचा रस घेत.

"आई, माझं ऐकाल का?" शाल्मलीनं जेवताना विषय काढला. "तारीख घेऊन टाकू. नाहीतर तिचं आणि माझं एकाच सुमाराला येईल. मला ते सहन होणार नाही."

"ती आत्ता घास खातेय गं. खाणाऱ्या जिवाला तारीख कशी देऊ?"

"मग काचेतल्या पुढच्या ठमीकडे बघा एकदा. ती ओढत चाललीय ते बघा."

"बघते. रोज बघते."

ते खरं होतं. शाल्मलीनं तिच्या टॅबवर ती काच उघडून दिली होती. दुपारी सगळं शांत झालं की वैजयंतीबाई पुढची ठमी चालवून बघायच्या. एकेचाळीस, मग चाळीस, मग एकोणचाळीस. बघू नये असं वाटायचं आणि बोट आपोआप सरकायचं. एकदा तर त्यांनी काचेतल्या ठमीला हाक मारली. तिनं कान हलवला नाही. मांडीवरच्या ठमीनं हलवला. त्यांना इतकं भ्यायला झालं की टॅब त्यांनी उशीखाली दडपून ठेवला.

देवावाचून त्यांना दुसरं कोण होतं? मुलगा, अद्वैत, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर, महिन्यातून एकदा येणार. शुक्रवारपासून त्यांनी नेम वाढवला. वाटीतले चार थेंब ठमीला कसे पुरणार? पंचामृत दुप्पट केलं आणि तिच्या बशीत रोज तीन पळ्या तीर्थ वेगळं ओतायला लागल्या. बाळकृष्णाला म्हणाल्या, "तुझ्यापाशी बसून मोठी झालीय. तूच बघ."

ठमी आवडीनं प्यायची. दही-मधाची तिला लहानपणापासूनच चटक होती.

सोमवारी दुपारी त्यांनी टॅब उघडला. चार दिवस गेले, म्हणजे सदतीस उरायला हवे होते.

काच एकोणतिसाव्या दिवशीच राखाडी झाली.

*

"शाल्मली, अगं, हे बघ, हे काय झालं? आठ दिवस कुठे गेले?"

शाल्मली डाव्या कुशीवर पडून काम करत होती. तिनं टॅब हातात घेतला, भुवया आक्रसल्या. "बिघडलंय तिचं. अचानक. काही नवीन खायला घातलंत का?"

"नाही गं. तेच दूधभात, तेच तिचं डब्यातलं."

शाल्मलीनं पुढची ठमी बाजूला सारली आणि मागचा काळ उघडला. एक निळी रेघ दिवाळीपासून आजवर उतरत आली होती. "ही तिच्या मूत्रपिंडाची ताकद. बघा, उतारच आहे सगळा. या चार दिवसांत तर कडाच."

"आणि हे गं काय?"

उतारावर मध्येच एक उंचवटा होता. रेघ थोडी वर चढली होती, काही दिवस वरच राहिली होती आणि पुन्हा घसरली होती.

"यंत्र म्हणतंय कारण अज्ञात. मोजण्यात चूक झाली असेल. तारखा आहेत बघा, नऊ डिसेंबर ते अठरा."

इंग्रजी तारखा वैजयंतीबाईंच्या डोक्यात कधी बसल्या नाहीत. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरातली गेल्या वर्षीची दिनदर्शिका घेऊन आल्या. रोजची पूजा झाली की त्या दिवसाच्या चौकोनात त्या कुंकवाचं बोट टेकवायच्या. पानंच्या पानं लाल ठिपक्यांची होती. डिसेंबरच्या पानावर मात्र दहा चौकोन कोरे होते.

निपाणीचे चुलतदीर गेले होते. दहा दिवसांचं सुतक. पूजा नाही, पोथी नाही. मार्गशीर्षातला एक गुरुवार बुडाला म्हणून त्यांना किती हुरहुर लागली होती!

त्यांनी कोऱ्या चौकोनांवर बोट फिरवलं. नऊ ते अठरा.

"काय झालं आई?"

"काही नाही. तू पड."

त्या देव्हाऱ्यासमोर येऊन बसल्या. सुतकात ठमीनं पाणी तेच प्यायलं, अन्न तेच खाल्लं. घर तेच, बादली तीच. मग दहा दिवस तिच्या पोटात काय गेलं नव्हतं?

उत्तर समोरच होतं. सकाळच्या पंचामृताची वाटी अजून घासायची राहिली होती. आतल्या बाजूला, जिथवर दही पोचत असे तिथवर, पितळेचा रंग बदलला होता. काळपट, खरबरीत कडं. त्यांनी बाळकृष्णाला हातात घेतलं. गुडघ्यांपर्यंत तोही तसाच झाला होता. ती नाजूक बोटं बोथट झाली होती.

आणि एकदम त्यांना आई आठवली. निपाणीच्या पडवीत कल्हईवाल्याची भट्टी पेटलेली आणि आई सांगतेय: पितळेत ताक ठेवायचं तर आधी कल्हई हवी. आंबट आणि पितळ यांची गाठ घालायची नाही, पोटात कळ येते. स्वयंपाकघरात त्यांनी हा नियम जन्मभर पाळला. चिंचेचं सार कधी पितळेत केलं नाही. पण देवाला कल्हई करायची असते, हे कुणाच्या मनात येणार? देवाचं भांडं ते देवाचं. त्याला स्वयंपाकघराचा नियम लागतो, असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

ओतकाम करताना पितळेत शिसं मिसळतात. त्यानं धातू पातळ होतो, साच्यातल्या बारीकसारीक खाचांत नीट शिरतो. म्हणून तर बोटं इतकी सुरेख येतात. दह्यामधाचा आंबटपणा ते शिसं हळूहळू सोडवून घेतो. शिसं मूत्रपिंडात साचतं, नसांत साचतं, हातापायांतलं बळ काढून घेतं. हे सगळं डॉ. नदाफ यांनी दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. यंत्राला लाखो मांजरांची म्हातारपणं पाठ होती. पण तीर्थ पिणारं मांजर त्यानं पाहिलं नव्हतं. त्याला जे शोधायला शिकवलं नव्हतं, ते त्याला दिसलं नव्हतं.

त्या क्षणी मात्र वैजयंतीबाईंना एवढंच कळलं की त्यांनी आपल्या हातानं ठमीला विष पाजलं. आणि दुसऱ्याच श्वासाला आणखी काही आठवलं.

रोज सकाळी सगळ्यात आधी पुढे येणारा तो तळहात. त्यावर ओतलेली भरली पळी.

सातवा महिना.

*

सांगायचं नाही, असंही एकदा मनात येऊन गेलं. वाटी विहिरीत टाकावी, उद्यापासून साधं पाणी द्यावं, कुणाला काय कळतंय? मग त्यांना त्या विचाराचीच भीती वाटली. देवासमोर बसून आपण हे मनात आणलं!

खोलीच्या दारापर्यंतची दहा पावलं त्यांनी भिंत धरून टाकली.

"शाल्मली, ऊठ. दवाखान्यात जायचंय. तुला. आत्ताच्या आत्ता."

"मला? ठमीला म्हणताय ना?"

"तुला." आणि मग वाटी पुढे धरून त्यांनी सगळं सांगितलं. सुतकाचे दहा दिवस, उंचवटा, कल्हई, तीर्थ. "मी दिलं गं तुला. रोज. पाच महिने, माझ्या या हातानं. तुझ्या बाळासाठी म्हणून…"

शाल्मली पांढरीफटक पडली होती. आता ही ओरडेल, आता अद्वैतला फोन लावेल, असं वैजयंतीबाईंना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण शाल्मली त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती पायाशी बसलेल्या ठमीकडे.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही तीर्थ दिलंत की डोळे मिटता ना…"

"हो."

"मला सुरुवातीला त्या दह्यामधाच्या वासानंच मळमळायचं. पहिले चार-पाच दिवस घेतलं कसंतरी. मग एकदा हात खाली केला, तर ही आली आणि चाटून गेली. तुमचे डोळे मिटलेले. मी हात डोक्यावरून फिरवला, तुम्हाला वाटलं घेतलं. नंतर वास यायचा थांबला, तरी तेच. सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही इतक्या मनापासून करत होता. मला वाटायचं, मांजराला जरा गोड मिळतंय, काय बिघडलं?"

वैजयंतीबाईंनी वाटी पलंगावर ठेवली.

"म्हणजे तुझा सगळा वाटा…"

"तिनं घेतला. तुमच्या वाटीतलाही आणि माझ्या हातातलाही." शाल्मली वाकू शकत नव्हती, तिनं पायाच्या बोटांनीच ठमीची पाठ कुरवाळली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "मी खोटं बोलले म्हणून, आई. आणि तिचे पाय गेले."

वैजयंतीबाईंनी तिचं डोकं छातीशी घेतलं. रागवायला त्यांच्याकडे तोंडच नव्हतं, आणि आनंद झाला म्हणावं तर पायाशी ठमी टाचा टेकून बसली होती.

*

रक्ताचे अहवाल यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्या दोघी एकमेकींना सोडून स्वयंपाकघरातसुद्धा गेल्या नाहीत. शाल्मलीच्या रक्तात शिसं होतं, पण थोडं; काळजी नको, पण लक्ष ठेवू, असं तिच्या डॉक्टर म्हणाल्या. तेवढ्या "पण"वर वैजयंतीबाईंची झोप उडाली. त्यांच्या स्वतःच्या रक्तात खूप निघालं. पोटातला गोळा आणि बोटांच्या मुंग्या उपासाच्या नव्हत्याच.

सगळ्यात जास्त ठमीच्या. शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध डॉ. नदाफ यांनी अगदी बेताबेतानं सुरू केलं. थकलेल्या मूत्रपिंडांना त्याचाही भार होता. पोटॅशियमची पेस्ट बोटानं टाळूला लावायची. "पाय सुधारतील कदाचित. मेलेल्या गाळण्या मात्र परत येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि काकू, सुतकाचं तुम्ही सांगितलंत म्हणून. मी तर तारखेचा कागद काढून ठेवला होता."

पुढच्या ठमीचं गणित नव्यानं मांडलं गेलं. शाल्मलीनं विचारलं, "बघायचं?"

"नको," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मला हीच पुरे."

बाळकृष्णाला त्यांनी कोरडं पुसून मऊ फडक्यावर बसवलं. टाकवेना, त्याची काय चूक? "आता तुला फक्त फुलं," त्यांनी सांगून टाकलं. नेम मोडायचा नव्हता. चांदीच्या वाटीत एक सुपारी मांडली, तिलाच देव मानलं, वर तुळशीचं पान आणि माठातलं साधं पाणी. अभिषेक झाला. अध्याय झाला. पण तीर्थ द्यायची वेळ आली की हात पुढे होत नसे. वाटीतलं पाणी त्या रोज तुळशीला घालून यायच्या.

असे कितीतरी दिवस गेले.

मग एका सकाळी अध्याय संपला, आणि त्यांच्यासमोर तळहात आला. शाल्मली पेटीला धरून उभी होती, नऊ महिने भरत आलेली, धापा टाकत.

"आई, द्या."

"अगं, राहू दे. साधंच पाणी आहे. वाटी मी उकळून घेतलीय, सुपारीसुद्धा धुऊन, तरी पण…"

"माहितेय. द्या."

पळीतलं निम्मं पाणी तामणात सांडलं. वैजयंतीबाईंनी आज डोळे मिटले नाहीत. मिटताच येईनात. शाल्मलीनं हात तोंडाशी नेला आणि त्यांच्याकडे बघत बघत, गुटकन आवाज करून, पाणी पिऊन टाकलं. ओला हात डोक्यावरून फिरवला.

ठमी तोवर सवयीनं तिच्या पायाशी आली होती. पावलं अजून डगमगत होती, पण टाचा जमिनीपासून सुटल्या होत्या. तिनं खाली आलेला हात हुंगला. एक बोट चाटलं, दुसरं चाटलं. काहीच गोड लागलं नाही. मग मान वर करून दोघींकडे आळीपाळीनं बघत तिनं एक लांबलचक, रागावलेलं म्यांव केलं.

"नाही मिळायचं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तुझा वाटा तू घेतलास, बाई. आमचाही घेतलास."

नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं. डॉक्टरांच्या काचेतला तो एकेचाळिसावा दिवस होता.